बारा वाटांचा इनचार्ज

३ ऑगस्ट २००२, शनिवार

तर मी अजूनही म्हणतो, चूक माझी नव्हती. महिना झाला उपेंद्र सर एकच टुमणं लावून बसलेत, देवराम, नकाशा वाचायला शीक. टेबलावर कागद पसरतात. त्यावर तपकिरी रेघांची वेटोळी. आमच्या अख्ख्या पाड्याने रेशनच्या रजिस्टरवर अंगठे उठवले तर असंच दिसेल. मी सांगितलं, सर, सुरगाण्याकडे माणूस वाट विचारतो आणि चालायला लागतो. सर म्हणाले, मग त्या दिवशी का नाही विचारलीस? आता त्या दिवशी त्र्यंबकच्या वर धुकं होतं. धुक्यात विचारायचं कोणाला, म्हशीला? आणि वीस जणांना मी फिरवून फिरवून तीन वेळा त्याच म्हशीपाशी आणलं हा आरोप तर साफ खोटा. तिसरी म्हैस वेगळी होती.

असो. मोठी बातमी पुढेच आहे.

सरांचा ट्रेकिंग क्लब, म्हणजे गंगापूर रोडला तळघरातलं ऑफिस, अकरा तंबू, सर, त्यांच्या मिसेस श्यामला मॅडम आणि मी, दिवाळीला एक पुस्तिका काढणार आहे. नाव 'बारा वाटा'. नऊ डोंगराच्या, तीन समुद्राच्या. शहरातल्या माणसाने पुस्तिका उघडायची, वाट निवडायची, पैसे भरायचे आणि चालायचं. सर म्हणाले, तू तिकडचाच आहेस, वाटा सुचव. जी छापली जाईल तिचे तुला अडीचशे.

म्हणजे वाटा निवडायची संपूर्ण जबाबदारी माझ्यावर. इनचार्ज हा शब्द सर बोलले नाहीत, पण चेहऱ्यावर होता. श्यामला मॅडमनी विचारलं, आणि चहाची भांडी? म्हटलं, तीही.

बारा गुणिले अडीचशे, तीन हजार. शाळा सहावीत सुटली पण गुणाकार पक्का आहे.

संध्याकाळी ६

तीन हजार हा आकडा देवानेच पाठवला. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघबारस झाली की मुकादमाची पिकअप आमच्या पाड्यावर येते, माणसं भरून निफाडला द्राक्षाच्या बागांत नेते आणि होळीला परत आणून सोडते. आई आठ वर्षं जाते. बाप गेल्यापासून. गेल्या वर्षी छाटणीनंतर वेलाच्या काडीला औषधाची पेस्ट लावून लावून तिचे हात असे फाटले की महिनाभर भाकरी थापता येईना. तेव्हाच मी शब्द दिला, पुढच्या वर्षी तू जायचं नाहीस. ती म्हणाली होती, तीन हजार आलं त नाय जायची.

संकल्प: पिकअपच्या आधी तीन हजार. विषय संपला.

५ ऑगस्ट, सोमवार

एक बारीक अडचण. मला वाटा माहीत नाहीत.

म्हणजे माहीत नाहीत असं नाही. मी जन्मलोच डोंगरात. पण मी दहा वर्षांचा झालो तेव्हा आमच्याकडे जीप सुरू झाली, आणि त्यानंतर मी कुठेही पायी गेल्याचं आठवत नाही. मागच्या फळीवर उभं राहायचं, एका हाताने कॅरिअर धरायचा. खरं तर जीपवरून डोंगर जास्त चांगला दिसतो. चालणाऱ्याला काय दिसतं? स्वतःचे पाय.

गंमत बघा. चालायला लागू नये म्हणून मी गाव सोडलं. इथे डॉक्टर, वकील, बँकेतली माणसं चालायला मिळावं म्हणून पैसे भरतात. वर बूट घेतात, काठी घेतात, टोपी घेतात, मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी घेतात. आमची माणसं हेच अनवाणी, डोक्यावर मोळी घेऊन फुकट करतात, तर त्यांना कोणी बिस्किटसुद्धा देत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

अडचण सुटली. आई!

आमच्या पाड्याचा किशोर रोज सुरगाणा-नाशिक जीप मारतो. त्याला पेठ फाट्यावर गाठलं आणि निरोप दिला, आईला विचार, कुठून कुठे वाट जाते आणि किती लांब. किशोर म्हणाला, तू एक्सपर्ट ना रे? मंग आईला काय इचारतो? म्हटलं, क्रॉस चेकिंग. त्याला शब्द कळला नाही. बरंच झालं.

१४ ऑगस्ट, बुधवार

उत्तर आलं. पण आईने लांबी सांगितली ती अशी: पाड्यावरून देवीच्या सुळक्याला दोन विसावे. नदीपासून खिंडीला एक विसावा. तिकडे अंतर असंच मोजतात, डोक्यावर ओझं असताना माणूस किती वेळा ते उतरवून टेकतो त्यावर. आता हे पुस्तिकेत कसं छापणार? शास्त्रीय पद्धत हवी.

कॉलेज रोडला अर्धा तास उभा राहून निरीक्षण केलं. आईच्या वयाच्या सहा बायका मोजल्या. साधारण दर पंधरा मिनिटांनी टेकतात. कठड्यावर, स्कूटरवर, एक तर भेळवाल्याच्या स्टुलावर.

म्हणून सूत्र: एक विसावा = पंधरा मिनिटं.

देवीचा सुळका: अर्धा तास. सोपी वाट. कुटुंबासह.

एका दुपारीत सहा वाटा लिहून काढल्या. सर दिवसभर नकाशावर पट्टी धरून बसतात आणि एक वाट होत नाही.

२२ ऑगस्ट, गुरुवार

व्हिजिटिंग कार्डं छापून आणली. शंभर. 'देवराम भोये, रूट एक्सपर्ट (डोंगर व समुद्र).' समुद्र अजून पाहिलेला नाही, पण कार्डं पुन्हा पुन्हा छापणं परवडत नाही. गॉगल घेतला. बूटही घेतले, हप्त्याने. यात ऑगस्टचा पगार गेला. हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. आईला पुढच्या महिन्यापासून.

श्यामला मॅडमनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, मागे चहाचे दर टाकले नाहीत?

दुर्लक्ष केलं.

१ सप्टेंबर, रविवार

वाट क्रमांक चार. त्र्यंबक. आज मेंबरांना घेऊन चाचणी.

ही वाट माझी स्वतःची, आईची नाही. एस. टी. स्टँडजवळ चहा, मग डोंगराच्या पायथ्याने वळसा. वळसा लांब वाटला म्हणून शॉर्टकट शोधला. दोन्ही बाजूंना छान लोखंडी पाइप होते, आधाराला. मला वाटलं, ग्रामपंचायत सुधारली. शंभर पावलांवर पुढे माणसं दिसली, मागे वळून पाहिलं तर मागेही माणसं. ती दर्शनाची रांग निघाली. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाइपाखालून वाकावं तर देवव्रत साहेबांची कंबर.

देवव्रत साहेब बँकेतून रिटायर झालेत आणि क्लबचे सगळ्यात जुने मेंबर आहेत. चाळीस वर्षं देवळात पाय ठेवला नाही असं ते दर ट्रेकला सांगतात. आज त्यांना अडीच तासांनी अतिशय छान दर्शन झालं. कपाळाला गंध लागलं. परतीच्या गाडीत ते एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या मते भारावले होते.

सरांनी वाट चार कापली. म्हटलं, सर, गर्दी होती यात वाटेचा काय दोष? सर म्हणाले, वाटेचा नाहीच.

उरल्या अकरा. दोन हजार सातशे पन्नास. अजून भरपूर आहेत.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

तीन वाटा सरांनी कागदावरच कापल्या. एक म्हणे नकाशाप्रमाणे धरणातून जाते. एक गुजरातेत संपते. एका वाटेत मी सुरुवात आणि शेवट एकाच ठिकाणी लिहिला होता. म्हटलं, गोल वाट आहे. सर म्हणाले, मग मधलं कुठे आहे?

आठ. हरकत नाही. आठ चांगल्या असल्या तर सर खूश होऊन बाराचे देतील.

किशोरबरोबर आईला निरोप: पैशाचं पक्कं समज, मुकादमाला आत्ताच नाही सांगून टाक. किशोरने विचारलं, नक्की सांगू का? म्हटलं, नक्की म्हणजे नक्की.

२२ सप्टेंबर, रविवार. रात्री

आजचं नीट लिहून ठेवतो. पुढे कोणी काही बोललं तर पुरावा असावा.

देवीचा सुळका. सकाळी आठला पाड्याच्या खालच्या फाट्यावरून निघालो. सर, मॅडम, देवव्रत साहेब आणि अकरा जण. अर्ध्या तासाची वाट म्हणून सरांनी माझ्या शब्दावर पाणी एकेकच बाटली घेतलं. साडेआठला सुळका आला नाही. दहालाही नाही. देवव्रत साहेबांनी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचा धंदा लावला. साडेअकराला वाट गवतात गेली. गवत माणसाएवढं. मी म्हटलं, हाच तो प्रसिद्ध गवताळ भाग. माझ्या नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोलून काढल्या होत्या, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. गॉगल होता.

बाराच्या सुमाराला समोरून एक बाई आली, डोक्यावर गवताचा भारा. लांबूनच ओळखली. भाऱ्याखाली तोंड दिसत नव्हतं, पण चाल दिसत होती.

तिनेही ओळखलं. भारा एका हाताने सावरून तोंड उघडलं, माझं नाव घेणार एवढ्यात मी पुढे झालो आणि मोठ्याने म्हटलं, ओ मावशी, देवीच्या सुळक्याची वाट कुठली?

ती थांबली. मग म्हणाली, या साहेब, दाखवते.

भारा न उतरवता पुढे चालायला लागली. आम्ही पंधरा जण मागे. वाटेत मॅडमना पानं, मुळ्या, कुठली खायची, कुठली ताप आला की उगाळायची, सगळं सांगत होती. देवव्रत साहेबांना दम लागला की तिला मागे न बघता कळायचं, हळू व्हायची. दोनदाच टेकली. दोन्ही वेळा कमरेएवढा सपाट दगड होता, भारा ठेवायला मुद्दाम मांडलेला. पहिला विसावा दीड तासाने आला. दुसरा त्याच्या पुढे पावणेदोन तासाने, सुळक्यापाशीच.

सरांनी दुसऱ्या दगडापाशी घड्याळ पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझं सूत्र चुकलं नव्हतं, नमुना चुकला होता. कॉलेज रोडच्या बायका लवकर टेकतात.

वर पोचल्यावर दिसलेला देखावा मात्र एक नंबर. सरांनी तिला नाव विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाली, पुतळाबाई. आडनाव सांगितलं नाही. मॅडमनी पन्नासची नोट दिली. तिने ती पदराच्या गाठीत बांधली. मला म्हणाली, उतरताना डाव्या अंगानं उतरा साहेब, तिकडं पाय मुरगळत नाय.

आता यात मी वाईट काय केलं? धंद्यात नातं आणायचं नसतं. कलेक्टरसुद्धा ऑफिसात बापाकडून साहेबच म्हणवून घेत असेल. आणि मावशी ही काही शिवी नाही. नाशकात भाजीवालीलाही म्हणतात.

भेटलो की सांगेन तिला समजावून. समजूतदार आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार

देवीचा सुळका पुस्तिकेत फिक्स! वेळ 'अर्धा तास' खोडून सरांनी 'वर जायला सव्वातीन तास, पाणी तीन लिटर' केलं. 'कुटुंबासह' काढलं. पण वाट माझीच.

दुसरं. सर म्हणाले, त्या पुतळाबाईंना शोधून काढ. दिवाळी ते होळी दर शनिवार-रविवार ग्रुप न्यायचे, दिवसाचे शंभर रुपये, जेवण आपलं. मॅडम म्हणाल्या, अशी बाई मिळणं नशीब आहे, देवराम, तू त्याच भागातला, तुला सापडेल.

म्हटलं, बघतो. तिकडे पुतळाबाई खूप आहेत.

दिवाळी ते होळी शनिवार-रविवार किती होतात ते मोजलं नाही. मोजायची गरज नव्हती. माझे तीन हजार येतच आहेत.

३० सप्टेंबर, सोमवार

विचार केला. एका ऑफिसात दोन एक्सपर्ट चालत नाहीत. आज बाई आणली की उद्या सर म्हणणार, मग देवराम कशाला? आणि ही तुझी आई होती तर त्या दिवशी मावशी का म्हणालास, हे मॅडम विचारणारच. मॅडमना भांड्याला लागलेली साबणाची रेघही दिसते.

सांगायचं आहेच. योग्य वेळी. आधी समुद्राच्या तीन वाटा माझ्या नावावर होऊ देत. माणूस वर असला की खरं बोलणं शोभतं.

८ ऑक्टोबर, मंगळवार

पेठ फाट्यावर किशोर. जीपचं बॉनेट उघडून उभा, आजूबाजूला सात-आठ पॅसेंजर. मला बघून मोठ्याने म्हणाला, तुझ्या आईनं निरोप दिलाय. त्या साहेबाचे पाय लय सोलले व्हते म्हणं, बरे झाले का इचार. मी म्हटलं, कुठला साहेब? किशोर म्हणाला, मला काय ठाव, गॉगलवाला व्हता म्हणं एक.

पॅसेंजर हसले. त्यांना काय कळलं म्हणून हसले देव जाणे.

एका फडक्यात कसला तरी पाला बांधून पाठवलाय. टाचांना लावायला. लावला. गुण आला हे योगायोगाने.

निरोप पाठवला: साहेब बरे आहेत. पैसे दिवाळीला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

सरांनी तिसऱ्यांदा विचारलं, पुतळाबाईंचं काय झालं? म्हटलं, सर, शोध चालू आहे, ही माणसं एका जागी राहत नाहीत, फिरती असतात. सर म्हणाले, अरे, डोक्यावर गवत होतं तिच्या, म्हणजे घरी गुरं आहेत, म्हणजे घर आहे. बँकवाले देवव्रत साहेब बसले होते, ते म्हणाले, मी जातो शोधायला, त्या बाईसाठी मी पुन्हा तो डोंगर चढेन.

लगेच म्हटलं, मी जातो, तुम्ही कशाला. आता सर रोज विचारतील.

दोन वाटा आणखी कापल्या. आईनेच सांगितलेल्या, पण वेळ मी लावलेली. पुन्हा मोजायला सरांना फुरसत नाही, छापखाना थांबलाय. विसाव्यांची कुठलीच वाट आता विश्वासाची नाही म्हणे. उरल्या दोन डोंगराच्या तशाच गेल्या. म्हणजे छापायला एक सुळका. आणि समुद्राच्या तीन. समुद्राची चार पानं मोकळी ठेवली आहेत, दिवाळीनंतर तेवढाच शेवटचा फर्मा छापायचा.

एक अधिक तीन, हजार रुपये. वर सरांकडून दोन हजार अॅडव्हान्स मागायचा. जुळतं.

२ नोव्हेंबर, शनिवार

काल वाघबारस झाली. पाड्यावर असतो तर खीर मिळाली असती. इथे मेसवाल्याने दोडका दिला.

किशोर सांगत होता, मुकादम काळू येऊन गेला. आई त्याला म्हणाली, थांब आठ दिस, पोरगा पैशे धाडतो हाय. काळू म्हणाला, पोरगा काय करतो? आई म्हणाली, लोकान्ला वाटा दाखवतो. काळू म्हणे इतका हसला की तंबाखू सांडली.

हसू दे. शुक्रवारी पिकअप परत येणार आहे. त्याच्या आत समुद्र आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार. डहाणूच्या पुढे

समुद्र पाहिला. मोठा आहे.

ग्रुप उद्या चालणार. मी सकाळी सातलाच एकटा जाऊन वाटेची पाहणी केली. किनाऱ्याने सरळ, मग एक खाडी आडवी येते. खाडी कसली, ओहोळ. घोट्याएवढं पाणी. पलीकडे सुरूचं बन, पुढे रेतीच रेती. ये-जा मला दोन तास, ग्रुपला चार धरले. यावेळी घड्याळ लावून मोजलं, विसावे नाहीत. वर चढ नाही, गवत नाही, धुकं नाही, म्हैस नाही. ही वाट चुकवायची म्हटली तरी चुकणार नाही.

सरांना सांगितलं, तिन्ही वाटा याच पट्ट्यात बसवतो. सर म्हणाले, खाडीचं पाणी? म्हटलं, सर, पाण्याचं मला शिकवू नका. माझं आयुष्य नदीकाठी गेलं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

हे कोणालाही सांगून पटणार नाही.

आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही कळतं की वर डोंगरावर ढग दिसले की खाली नदीत पाय घालायचा नाही. आणि ढग नसले की नदी बापाची. मी सकाळी आठला खाडीपाशी उभं राहून आभाळ नीट बघितलं. चारी बाजूंनी. कोरं करकरीत. एका मॅडमनी विचारलं, येताना पाणी वाढलं तर? मी आभाळाकडे बोट दाखवलं. सगळ्यांनी वर बघितलं. सगळ्यांना पटलं. ढग नाही तर पाणी कुठून येणार?

समुद्राकडून आलं. उलट्या बाजूने! बाराला परत आलो तर ओहोळाच्या जागी ही नदी, आणि वाहतेय खालून वर. नदी वर चढते हे कुठल्या इयत्तेत शिकवतात? सहावीपर्यंत नव्हतं.

पलीकडून एक होडीवाला बघत होता. ओरडून म्हणाला, भरतीचा टाइम इचारला नाय का? मी ओरडून सांगितलं, आभाळ साफ आहे. तो होडीतच खाली बसला. हसून.

मग चार-चार जणांना त्याने पलीकडे नेलं. थोडी वाट पाहायला हवी होती असं तोच म्हणत होता, पण देवव्रत साहेबांना धीर नव्हता. उतरताना त्यांचा एक पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेला. पाय परत आला, बूट आला नाही. पंधरा मिनिटं आम्ही सगळे त्या भोकात हात घालत होतो. भरती कोणाचंच ऐकेना.

सर शांत होते. भाकरी करपते तेव्हा तवा शांत असतो तसे. एवढंच म्हणाले, देवराम, तू विचारत का नाहीस रे कुणाला?

समुद्राच्या तिन्ही वाटा गेल्या.

८ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार

ऑफिस. सकाळपासून सगळी भांडी घासली. नसलेलीही घासली.

मग सरांकडे गेलो. अॅडव्हान्स मागायला गेलो होतो. तोंडातून निघालं, सर, ती पुतळाबाई माझी आई आहे.

सरांनी चष्मा काढला. मॅडमच्या हातातला पेन थांबला. मी म्हटलं, तिला आजच निरोप पोचला तर ती येईल, नाहीतर निफाडची पिकअप येणार आहे. मॅडम म्हणाल्या, दीड महिना, देवराम. दीड महिना आम्ही तिला शोधतोय. सरांनी फक्त खिशातून भाड्याचे पैसे काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, निरोप नको. स्वतः जा. आता पळ.

मॅडमनी विचारायचं ते विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तयार होतं.

किशोरची जीप निघून गेली होती. एस. टी. चारला.

९ नोव्हेंबर, शनिवार. पाड्यावर

एस. टी. ने सुरगाण्याला उतरवलं. पुढे जीप नाही. रात्री स्टँडवरच पडलो, पहाटे चालत आलो. अकरा किलोमीटर. वाट चुकलो नाही, विचारत विचारत आलो.

दाराला बाहेरून कडी. गुरं शेजारच्या चिमणाबाईच्या गोठ्यात.

चिमणाबाई म्हणाली, काल दुपारचीच गेली रं. काळूला दोनदा थांबवला. एकदा म्हणाली जीप यू दे, मंग म्हणाली दुसरी जीप यू दे. जीप आली का रस्त्यावर जाऊन बघायची. किशोरनं लांबूनच नाय म्हनून हात हालवला. मंग पिकअपमदी बसली. मी विचारलं, काही म्हणाली? चिमणाबाई म्हणाली, म्हनली पोराचं काम मोठं हाय, पैसा यायला येळ लागतो.

सर म्हणतात निफाडला जाऊन घेऊन ये, म्हणजे म्हणतील. पण काळूला होळीपर्यंतचा शब्द दिला की तो मोडत नाहीत आमच्याकडे. बाईमाणसाने मोडला तर पुढच्या वर्षी अख्ख्या पाड्याला पिकअप नाही. हे मला माहीत होतं. हे एक मला पक्कं माहीत होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार. नाशिक

पुस्तिका छापून आली. 'बारा वाटा' हे नाव सरांनी बदललं. आता सात आहेत, सहा सरांनी नकाशावर पट्टी धरून काढलेल्या, एक माझी. पान नऊ. 'देवीचा सुळका. दोन विसावे. मार्गदर्शक: सध्या उपलब्ध नाही.' माझं नाव शेवटच्या पानावर, सहकार्य या शब्दाखाली, गॅसवाल्याच्या वर.

मॅडमनी अडीचशे दिले. देवव्रत साहेबांच्या बुटाचे शंभर कापून. एकाच बुटाचे कापले, हे त्यांचं मोठेपण.

चिमणाबाईकडून बागेचा पत्ता आणला होता. पोस्टात जाऊन मनीऑर्डरचा फॉर्म भरला. पुतळाबाई भोये, अमुक पाटलांचा मळा, तालुका निफाड. खाली संदेशाला थोडी जागा असते. काय लिहावं विचार करत इतका वेळ उभा राहिलो की मागचा माणूस म्हणाला, भाऊ, पत्रच लिहायचं तर घरून लिहून आणा ना. मग लिहिलं, बाकीचे होळीपर्यंत नक्की. मग नक्की खोडलं.

फी जाऊन पाठवतोय: रुपये एकशे चाळीस फक्त.